वाचकांचे प्रश्न : मरणाच्या अलीकडे

प्रश्न : मी वानवडीला राहतो आणि दोन वर्षांपासून एक ख्रिस्ती रहस्यकादंबरी लिहीत आहे. नायक द्रुतगती मार्गावरील अपघातात सापडतो, डॉक्टर त्याला मृत घोषित करतात आणि त्याचा आत्मा जीवन व मृत्यू यांच्या मधल्या लोकात तीन दिवस भटकतो. तेथे दिवंगत आजी भेटून चर्चच्या जमिनीचे गहाळ कागद कोठे आहेत ते सांगते, आणि नायक परत येतो. हस्तलिखित वाचून आमच्या पाळकांनी असा लोक पवित्र शास्त्रात नाही, असे सांगितले. आजी काढली तर मात्र रहस्यच उरत नाही. काय करावे?

उत्तर : पाळकांचा आक्षेप वाटतो तितका सरळ नाही, आजीच्या बाबतीत मात्र मी त्यांच्याच बाजूने आहे.

मृत्यू आणि अंतिम न्याय यांच्या दरम्यान माणसाचे काय होते, यावर ख्रिस्ती मंडळ्यांचे एकमत नाही. कॅथलिक परंपरा मरणोत्तर शुद्धीकरणाची अवस्था मानते आणि १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने ती शिकवण पुन्हा ठामपणे मांडली. प्रोटेस्टंट सुधारकांनी ती नाकारली. मृत व्यक्ती पुनरुत्थानापर्यंत जणू निद्रिस्त असते, असे सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट मानतात. नगर रस्त्यावरची कॅथलिकांची पेपल सेमिनरी, बिबवेवाडीची प्रोटेस्टंटांची युनियन बिब्लिकल सेमिनरी आणि औंधकडचे ॲडव्हेंटिस्टांचे स्पायसर विद्यापीठ अशी एका दिवसाची रिक्षा केलीत, तर पुण्यातल्या पुण्यातच तुम्हाला तीन निरनिराळी उत्तरे मिळतील. तिघांचेही एका गोष्टीवर मात्र दुमत होणार नाही, ती अशी की माणसाला निवड करायची असते ती मरणाच्या अलीकडे. कॅथलिकांचे शुद्धीकरणसुद्धा तारण, म्हणजे उद्धार, निश्चित झालेल्यांसाठीच असते. तेथे नव्याने बाजू बदलता येत नाही.

तुमच्या कादंबरीची अडचण नेमकी येथे आहे. खरोखर मेलेल्या नायकाचा निकाल लागून गेलेला असतो आणि निकाल लागलेल्या खटल्यात वाचकाचा जीव अडकत नाही. नायक मरणाच्या अगदी काठावर, पण अलीकडे राहिला पाहिजे.

आता आजी. लूकच्या १६व्या अध्यायातील श्रीमंत माणूस अधोलोकातून विनवतो की लाजर या मेलेल्या भिकाऱ्याला माझ्या पाच भावांकडे पाठवा म्हणजे ते सावध होतील, आणि त्याची विनंती फेटाळली जाते. तुमची आजी नेमके हेच नाकारलेले काम करते. शौल राजा एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या स्त्रीकरवी मेलेल्या शमुवेल संदेष्ट्याला वर आणवतो (पहिला शमुवेल, अध्याय २८), तेव्हा त्याला मदत मिळत नाही, उद्या तू आणि तुझे पुत्र मराल एवढेच ऐकायला मिळते. योहानाच्या ११व्या अध्यायातला दुसरा लाजर, बेथानीचा, तर चार दिवस कबरेत राहून बाहेर येतो आणि तेथे काय पाहिले याविषयी त्याच्या तोंडचा एकही शब्द शास्त्रात नाही. रहस्यकथा लिहिणाऱ्याने या मौनाचा हेवा करावा असे मला नेहमी वाटते.

दुसरे कारण आपल्या वाचकाचे आहे. मराठी वाचकाच्या मनात मधला लोक आधीपासून वसलेला असतो. ओंकारेश्वराच्या घाटावर दहाव्याला पिंड ठेवून कावळ्याची वाट पाहत उभी असलेली माणसे त्याने पाहिलेली असतात, बहुधा त्यांच्यात तो स्वतःही उभा राहिलेला असतो, आणि कावळा शिवेना की कुणीतरी पुढे होऊन ‘पोरीचं लग्न आम्ही करू’ असे मोठ्याने सांगते हेही त्याला ठाऊक असते. तुमची आजी जमिनीच्या कागदांविषयी बोलू लागली, की हा वाचक तिची इच्छा राहिली होती असे म्हणून मोकळा होईल आणि तुमची ख्रिस्ती कथा त्याच्या नकळत घाटावर जाऊन बसेल.

मग नायकाला ठेवायचे कोठे? डॉक्टरांनी त्याला मृत घोषित करून तीन दिवसांनी उठवणे वैद्यकातही बसत नाही. आपल्याकडे १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानुसार मस्तिष्कस्तंभाचा मृत्यू (ब्रेनस्टेम डेथ) ४ डॉक्टरांच्या मंडळाने प्रमाणित करावा लागतो, चाचण्या किमान ६ तासांच्या अंतराने दोनदा घ्याव्या लागतात, आणि ते निदान योग्य झाले असेल तर माणूस परत येत नाही. परंतु त्या चाचण्यांपूर्वी शामक औषधे, शरीराचे घसरलेले तापमान, स्नायूंचा लकवा अशी फसवी कारणे वगळावी लागतात, आणि माझ्या मते तुमची कादंबरी या अटीत दडलेली आहे.

अपघात काढून टाका आणि नायकाला मण्यार चावू द्या. भोर किंवा मुळशीकडच्या घरात तो जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेला आहे. मण्यार बहुधा रात्री चावतो, दंश फारसा दुखत नाही, खूण शोधूनही सापडत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या मिटू लागतात, मग गिळता येईनासे होते आणि श्वास थांबू लागतो. व्हेंटिलेटरवर असताना बाहुल्या प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, सगळ्या प्रतिक्षिप्त क्रिया थांबतात, आणि सापाचा संशयच कुणाला आला नाही तर हे मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूसारखे दिसू शकते. विष मात्र नसा आणि स्नायू जेथे जुळतात तेथे काम करीत असते, त्यामुळे रुग्ण पूर्ण शुद्धीत राहून सारे काही ऐकत असू शकतो. श्वास टिकवून धरला, तर अशी माणसे बरी होऊन घरी जातात.

तुमचा मधला लोक तो हाच. नायकाला व्हेंटिलेटरचा ठोका ऐकू येतो, पाळक स्तोत्र २३ वाचतात ते कळते, मृत्युच्छायेच्या दरीपाशी त्यांचा आवाज कापतो तोही कळतो, पण पापणी हलवता येत नाही. पहिली चाचणी झालेली आहे, दुसरीला ६ तास आहेत, बाहेर भाऊ अवयवदानाच्या अर्जावर सही करायला तयार बसला आहे. अशा वेळी चुलता एकटाच आत येतो, हा ऐकत नाही अशा समजुतीने खाटेशी टेकतो आणि चर्चच्या जमिनीचे कागद आपण कोठे लपवले ते हलक्या आवाजात कबूल करतो. आजीचे काम झाले आणि ते जिवंत माणसाने केले. शिवाय नायकाला खरी निवड करावी लागते. तो वाचला तर चुलत्याला क्षमा करायची की उघडे पाडायचे, आणि वाचणार नसेल तर मनात काय घेऊन जायचे? हे प्रश्न ६ तासांत सोडवायचे आहेत आणि दाराबाहेर घड्याळ चालू आहे.

सापाचा शोध कोण लावते ते तुम्ही ठरवा. फक्त तो स्वप्नातल्या दृष्टान्ताने लागू देऊ नका.

प्रश्न : ख्रिस्ती कथानक असलेल्या अशा कादंबरीला ‘त्रिशंकू’ हे नाव शोभेल का? (कोथरूड)

उत्तर : शीर्षक म्हणून नको. त्रिशंकू लटकला तो विश्वामित्रांच्या हट्टामुळे आणि इंद्राच्या नकारामुळे. त्या कथेचा ओढा वेगळा आहे. निवेदकाने मराठी पवित्र शास्त्रातले अधोलोक आणि सुखलोक हे शब्द वापरावेत, आणि अधोलोक म्हणजे पाताळ नव्हे हे तळटीप न देता एखाद्या संवादातून कळू द्यावे. त्रिशंकू सोडवतच नसेल, तर तो रात्रपाळीच्या मावशींना द्या. फरशी पुसता पुसता त्या खाटेकडे बघून म्हणतील, “पोरगं त्रिशंकूवानी लटकलंय बघा,” आणि खाटेवरचा ते ऐकत असेल.