गिटहबवरचे सगळे रेपो गिटलॅबवर न्यायचे आहेत. जुना इतिहास जाईल का, आणि काम किती दिवस थांबवावं लागेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सहा जणांची टीम, गिटहबवर २७ खासगी रेपो (कोड आणि त्यातल्या बदलांचा इतिहास ठेवणारे साठे), सगळं गिटलॅब या तशाच दुसऱ्या सेवेवर हलवायचं ठरलंय. साहेबांनी दोन आठवडे कोड फ्रीझ, म्हणजे कोड बदलायला बंदी, जाहीर केलाय आणि टीममधल्या एकाला धास्ती आहे की सात वर्षांचे कमिट, म्हणजे बदलांच्या नोंदी, पुसले जातील.

कमिट कुठेही जात नाहीत. दोन आठवडे काम थांबवायचीही गरज नाही, एक दुपार पुरते. मात्र त्या दुपारच्या आधी आठ-दहा दिवस, रोजचं काम चालू ठेवूनच, बरीच शोधाशोध करावी लागते. मी हे काम तीनदा केलंय, आणि तिन्ही वेळा कोडनं त्रास दिला नाही. त्रास दिला तो कोडच्या आजूबाजूला साचलेल्या गोष्टींनी.

आधी इतिहासाचं. लिनस टॉरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी गिट (गिटहब आणि गिटलॅब दोन्ही ज्यावर चालतात ते इतिहास ठेवणारं साधन) लिहिलं, आणि गिटच्या दृष्टीनं कुठलाच सर्व्हर 'मुख्य' नसतो. प्रत्येक कमिटचा ४० अक्षरी हॅश (बोटाच्या ठशासारखी त्याची ओळख) हा फायलींचा मजकूर, आधीचा कमिट, लेखक, तारीख आणि संदेश यांवरून निघतो. रेपो कुठे ठेवलाय याचा त्यात संबंधच नाही. त्यामुळे एखाद्या ब्रँचच्या (कोडच्या एका शाखेच्या) टोकाचा हॅश दोन्हीकडे सारखा दिसला, की त्यामागची सात वर्षंही तंतोतंत तीच आहेत. धास्तावलेल्या मित्राला एवढंच दाखवा. हॅश बदलतात ते गिटमध्ये दुसऱ्या प्रणालीतून येताना. बिटबकेट या गिटहबसारख्या सेवेनं २०२० मध्ये मर्क्युरिअल या वेगळ्या प्रणालीचा आधार काढला तेव्हा ज्यांनी रेपो गिटमध्ये रूपांतरित केले, त्यांचे सगळे हॅश नवे झाले. तुमचं तसं नाही.

आता माझी पहिली फजिती. मी रोजच्या वापरातल्या लॅपटॉपवरच्या क्लोनमधून (रेपोच्या स्थानिक प्रतीतून) 'गिट पुश --मिरर', म्हणजे इथलं सगळं जसंच्या तसं नव्या जागी पाठव असा हुकूम, मारला आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तर नव्या जागी तीनच ब्रँच! त्यातली एक माझी स्वतःची, 'नको-बघू-हे' नावाची. रिलीजच्या ब्रँच गायब. झालं असं की साध्या क्लोनमध्ये तुमची स्थानिक ब्रँच म्हणजे फक्त तुम्ही चेकआउट केलेल्या (उघडून घेतलेल्या). बाकीच्या 'रिमोट्स/ओरिजिन' या कप्प्यात असतात. मिरर पुशनं तो कप्पा कप्पा म्हणूनच पलीकडे नेला, आणि तिकडचं वेबपान तो ब्रँच म्हणून दाखवत नाही. डेटा गेला नव्हता, पण पुढची वीस मिनिटं मला ते माहीत नव्हतं.

म्हणून कोड हलवायचा तर वेगळ्या रिकाम्या फोल्डरमध्ये 'गिट क्लोन --मिरर' करा. त्यात सगळ्या ब्रँच आणि टॅग (ठरावीक कमिटना दिलेली नावं) जसेच्या तसे उतरतात. पुश करताना मात्र मी मिरर वापरत नाही. त्याच फोल्डरमधून एकदा 'गिट पुश --ऑल' आणि एकदा 'गिट पुश --टॅग्ज', दोन्हीत नव्या जागेचा पत्ता देऊन. कारण मिरर पुश तिकडे असलेलं पण तुमच्याकडे नसलेलं सगळं पुसून टाकतो, आणि पत्ता चुकून दुसऱ्याच रेपोचा टाकला गेला तर काय होईल याचा विचारही नको. शिवाय गिटहबच्या मिरर क्लोनमध्ये प्रत्येक पुल रिक्वेस्टचे (माझा बदल मुख्य कोडमध्ये घ्या, अशा विनंतीचे) 'रेफ्स/पुल' हे छुपे धागे येतात, तेही उगाच सोबत जायला नकोत. नवा प्रोजेक्ट उघडताना 'रीडमी फाइल तयार करा' या चौकोनातली खूण काढा. तिथे एक जरी कमिट आधीपासून असला, तर तुमचा पुश नाकारला जातो आणि लोक घाबरून फोर्स पुशच्या, म्हणजे तिकडचं पुसून आपलं लादण्याच्या, मागे लागतात.

झाल्यावर दोन्ही पत्त्यांवर 'गिट एलएस-रिमोट' चालवायचं, ब्रँच आणि टॅगच्या ओळी दोन फायलींत घ्यायच्या आणि डिफ (दोन्हींतला फरक) काढायचा. डिफ रिकामा आला की तो रेपो झाला. डोळ्यांनी ताडून बघत बसू नका.

एलएफएस (मोठ्या फायली वेगळ्या साठवायची गिटची जोडसोय) वापरत असाल तर एक पायरी जास्त. एलएफएसमध्ये मोठ्या फायलीच्या जागी गिटमध्ये फक्त एक चिठ्ठी असते: पहिल्या ओळीत आवृत्ती, दुसरीत शा-२५६ हॅश, तिसरीत आकार. एकदा डिझायनरनं मला कळवलं की लोगो उघडत नाहीये. फाइल पाहिली तर १३० बाइट! चिठ्ठी आली होती, लोगो जुन्या जागीच. तेव्हा आधी 'गिट एलएफएस फेच --ऑल' आणि मग नव्या पत्त्यावर 'गिट एलएफएस पुश --ऑल'.

आणि एक मोह टाळा. हलवतोयच तर जुन्या जड फायली इतिहासातून काढून टाकू, असं कुणीतरी हमखास सुचवतं. त्यासाठी 'फिल्टर-रेपो' हे चांगलं साधन आहे, पण ते चालवलं की त्या जागेपुढचे सगळे हॅश बदलतात. मग वर सांगितलेली ताडून बघायची सोपी युक्ती निकामी होते, आणि काही बिघडलं तर दोष हलवण्याचा की सफाईचा हे कळत नाही. सफाई करा, पण महिन्याभरानं.

इश्यू (अडचणींच्या आणि कामांच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्ट या गिटच्या गोष्टी नव्हेत, त्या वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये असतात. साध्या पुशनं त्या येत नाहीत. गिटलॅबमध्ये गिटहबवरून आयात करायची सोय आहे. ती कोडसोबत इश्यू, पुल रिक्वेस्ट, त्यांवरच्या कॉमेंट, लेबल, माइलस्टोन, विकी हे सगळं आणते. ज्या रेपोंत जपण्यासारखी चर्चा आहे त्यांच्यासाठी आयातच वापरा, आणि मिरर क्लोन बॅकअप म्हणून डिस्कवर ठेवा. ज्यांत चर्चा नाही त्यांना पुश पुरे. आयातीआधी सहाही जणांना गिटलॅबवर खाती उघडायला लावा, म्हणजे कोणती कॉमेंट कुणाची हे नीट जोडता येतं.

क्रमांकांचा एक गोंधळ मात्र राहतोच. गिटहबवर इश्यू आणि पुल रिक्वेस्ट एकाच क्रमानं मोजले जातात, त्यामुळे #१४२ म्हणजे दोन्हींपैकी काहीही असू शकतं. गिटलॅबवर इश्यूला # आणि मर्ज रिक्वेस्टला (पुल रिक्वेस्टचं तिथलं नाव) ! हे चिन्ह, दोघांचे क्रम वेगळे. तुमच्या जुन्या कमिट संदेशात '#१४२ मुळे परत फिरवलं' असं लिहिलेलं असेल आणि १४२ ही पुल रिक्वेस्ट असेल, तर ती लिंक भलतीकडे जाईल किंवा कुठेच जाणार नाही. संदेश दुरुस्त करता येत नाही, कारण संदेश बदलला की हॅश बदलला. ज्या नियमामुळे इतिहास सुरक्षित राहतो, त्याचीच ही दुसरी बाजू. आम्ही रीडमीत एक ओळ टाकली की अमुक तारखेआधीचे # हे जुन्या जागेचे क्रमांक आहेत, आणि विषय संपवला.

खरी मेहनत पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासून पुढे पाठवणाऱ्या कामांच्या साखळीत आहे. तुमच्या वर्कफ्लो फायली (गिटहबवर ही साखळी लिहिलेल्या फायली) गिटलॅबवर चालणार नाहीत. तिथला सीआय (ही कामं चालवणारी यंत्रणा) वेगळ्या वायएएमएल फाइलीतून चालतो आणि रचनाही वेगळी. तयार ॲक्शन (इतरांनी लिहून ठेवलेले तुकडे) जोडून तुम्ही जे काम एका ओळीत उरकत होता, ते आता दहा ओळींत हातानं लिहावं लागेल. मला व्यक्तिशः हे आवडलं, कारण त्या एका ओळीत नेमकं काय चाललंय हे पहिल्यांदाच कळलं. पण वेळ जातो. सहा जण असाल तर दोघांना हेच काम द्या, आणि आजपासून द्या.

सीक्रेटचं, म्हणजे पाइपलाइनला लागणाऱ्या टोकन-पासवर्डचं, तर आणखी वेगळं. गिटहबवर सीक्रेट एकदा साठवलं की त्यातला मजकूर परत कुणालाही दिसत नाही, मालकालाही नाही. पानावर फक्त नाव आणि कधी बदललं एवढंच. म्हणजे कॉपी-पेस्ट नाही. प्रत्येक टोकन आणि पासवर्ड मूळ सेवेकडून नव्यानं काढायचा. आमच्याकडे अशा यादीत शेवटी '_टोकन_२' असलेलं एक नाव होतं. कशाचं ते कुणालाच आठवेना. बनवणारा केव्हाच नोकरी सोडून गेलेला. कुणी वापरत नसणार म्हणून सोडून दिलं. सगळ्या पाइपलाइन हिरव्या, म्हणजे यशस्वी, सगळे खूश. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हिशेबाचा मासिक अहवाल आला नाही.

शोधलं तेव्हा दोन चुका एकावर एक बसलेल्या निघाल्या. ते टोकन महिन्यातून एकदाच चालणाऱ्या जॉबचं होतं. आणि तो जॉब टोकन असतं तरी चालला नसता: गिटहबवर वेळापत्रकाची क्रॉन ओळ वर्कफ्लो फाइलीतच असते, गिटलॅबवर ते वेळापत्रक प्रोजेक्टच्या वेबपानावर जाऊन वेगळं लावावं लागतं. आम्ही फाइल नव्या रचनेत उतरवली, क्रॉनच्या ओळीला तिथे जागा नव्हती, ती गळली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. न चाललेला जॉब लाल होत नाही ना! तेव्हा सगळ्या वर्कफ्लोंत 'शेड्यूल' हा शब्द शोधा आणि सापडलेल्या ओळी कागदावर उतरवा. खरंच कागदावर.

तसाच जुना पत्ता शोधा. सगळे रेपो एका फोल्डरमध्ये उतरवून 'गिटहब डॉट कॉम' आणि पुढे तुमच्या संस्थेचं नाव, असा ग्रेप (फायलींत मजकूर शोधायचा हुकूम) मारा. सबमॉड्यूलच्या (रेपोत जोडलेल्या दुसऱ्या रेपोच्या) फाइलीत सापडेल, डॉकरफाइलमध्ये सापडेल, थेट गिटवरून ओढलेल्या पॅकेजमध्ये सापडेल. गो भाषेत काम असेल तर हा पत्ता मॉड्यूलच्या नावातच असतो आणि प्रत्येक इम्पोर्टमध्ये येतो. तिथे एक अख्खा दिवस धरा. सर्व्हरवर जाऊन थेट 'गिट पुल' करणारी एखादी स्क्रिप्ट असेल, ती मात्र ग्रेपमध्ये दिसणार नाही. त्यासाठी गिटहबवरच्या डिप्लॉय की (यंत्रांना दिलेल्या रेपोच्या किल्ल्या) आणि वेबहुकच्या (बदल झाला की दुसरीकडे आपोआप जाणाऱ्या निरोपांच्या) याद्या उघडून बघा. तिथे दिसणारी प्रत्येक की म्हणजे कुठलं तरी यंत्र या रेपोवर अवलंबून आहे.

सबमॉड्यूलमध्ये आणखी एक पेच: आजची फाइल तुम्ही दुरुस्त कराल, पण दोन वर्षांपूर्वीचा टॅग चेकआउट केलात तर त्यात जुनाच पत्ता असणार. यासाठी गिटच्या कॉन्फिगमध्ये 'इन्स्टेडऑफ' नावाची सोय आहे. जुन्या पत्त्यानं सुरू होणारं काहीही आलं तर त्याऐवजी नवा पत्ता वापर, असं एकदाच सांगून ठेवता येतं. बिल्ड करणाऱ्या यंत्रांवर ते लावून टाका.

प्रत्यक्ष दुपारी काय करायचं ते सोपं आहे. आधीच्या दोन दिवसांत उघड्या पुल रिक्वेस्ट जमतील तितक्या मर्ज किंवा बंद करा. ठरलेल्या वेळी सगळ्यांनी अर्धवट कामसुद्धा पुश करायचं. मग गिटहबवर सगळे रेपो आर्काइव्ह करा, म्हणजे ते फक्त वाचता येतील. हे आयातीच्या आधी, नंतर नाही. पहिल्या वेळी आम्ही नुसता 'आता पुश करू नका' असा निरोप टाकला होता, आणि एकानं तो वाचायच्या आत जुन्या जागी तीन कमिट टाकले. निरोपावर विसंबू नका, दार लावा. मग आयात, एलएस-रिमोटचा डिफ, मुख्य ब्रँच बरोबर निवडली गेलीय का ते बघणं, आणि प्रत्येकानं आपापल्या क्लोनमध्ये 'गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन' करून नवा पत्ता देणं. नव्यानं क्लोन करायची गरज नाही. काही फसलं तर आर्काइव्ह उलटवता येतं, तासाभरात सगळे परत जुन्या जागी.

'आम्ही हललो' ही ओळ जुन्या रीडमीत टाकायला विसरू नका. नाव बदललं किंवा गिटहबच्या आतच रेपो दुसऱ्या खात्याला दिला, तर गिटहब जुन्या पत्त्यावरून पुढे पाठवतं. बाहेर गेलात तर नाही. फक्त ही ओळ आयातीनंतर टाका, हवं तर दोन मिनिटं आर्काइव्ह उघडून. मी ती आधी टाकली होती. ती इमानदारीनं सोबत आली, आणि नव्या रेपोच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत झळकलं: 'हा रेपो आता इथे नाही.'

जुने रेपो लगेच डिलीट करू नका. एखादा वार्षिक जॉब असेल तर त्याची एक फेरी होईपर्यंत तरी नाहीच. मिरर क्लोन वेगळ्या डिस्कवर ठेवा. गूगल कोड या अशाच सेवेनं २०१५ च्या मार्चमध्ये बंद होत असल्याचं सांगितलं, ऑगस्टमध्ये ते फक्त वाचण्यापुरतं उरलं आणि २०१६ च्या जानेवारीत संपलं. आज गिटलॅबवर जाताय, उद्या आणखी कुठे जावं लागेल.

२७ पैकी रंगीत तालमीसाठी एक रेपो निवडा: ज्यात पाइपलाइन, सीक्रेट आणि असलंच तर सबमॉड्यूल सगळं आहे, पण ज्यावर ग्राहक अवलंबून नाही असा. तो याच आठवड्यात आयात करून बघा, काय काय मोडतं ते लिहून काढा आणि नवा प्रोजेक्ट पुसून टाका. तो कागद साहेबांपुढे ठेवलात की दोन आठवड्यांच्या फ्रीझचं काय करायचं ते त्यांचं त्यांनाच दिसेल.