दूध नेमके गोलातच का लागते?

प्रश्न : आमचे कल्हईचे पितळी पातेले जड होते म्हणून मोडीत दिले आणि स्टीलचे घेतले. त्यात दूध तळाशी लागते आणि घासताना बर्नरएवढे तपकिरी वर्तुळ दिसते. धातू तो धातूच, मग हा फरक कशामुळे पडतो? शिवाय हेच पातेले ओल्या फडक्याने उतरवताना चटका बसला. पाण्याने हात उलट थंड राहायला हवा होता ना?
— एक वाचक

उत्तर : ‘धातू तो धातूच’ हे गृहीतकच येथे फसवे आहे. उष्णतावाहकता वॅट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजली, तर ती तांब्याची सुमारे ४००, अॅल्युमिनियमची सुमारे २३५, पितळेची सर्वसाधारणपणे ११० ते १२० आणि स्टेनलेस स्टीलची जेमतेम १५ भरते. धातूत उष्णता मुख्यतः मुक्त इलेक्ट्रॉन वाहून नेतात. शुद्ध धातूच्या नीटस रचनेत दुसऱ्या धातूचे अणू मिसळले की त्यांची वाट अडखळते. म्हणूनच जस्त मिसळलेले पितळ तांब्याच्या मागे पडते आणि लोखंडात क्रोमियम व निकेल घालून केलेले स्टील तर फारच मागे राहते. गंज टाळण्यासाठी मोजलेली ही किंमत आहे, असे म्हणता येईल.

पातळ पत्र्यातून उष्णता खालून वर दुधापर्यंत पोहोचायला स्टीलमध्येही फारशी अडचण येत नाही, कारण ते अंतर अगदीच थोडे असते. अडचण येते ती आडव्या प्रवासात. बर्नरच्या ज्योती कड्यासारख्या लागतात, तेवढाच भाग तापतो आणि ती उष्णता बाजूला पसरण्याआधीच तेथील दुधातील प्रथिने तळाला चिकटून करपू लागतात. आपल्याला दिसलेले वर्तुळ म्हणजे ज्योतीचा ठसाच होय. पितळेचा जाड तळ हीच उष्णता सगळीकडे वाटून देत असे. त्यावरच्या कल्हईचा अडथळा नगण्य असतो, कारण तो कथलाचा अगदी पातळ थर असून कथिलही स्टीलच्या चौपट वाहक आहे.

स्टीलच सोयीचे वाटत असेल, तर तळाच्या दोन पत्र्यांमध्ये अॅल्युमिनियमचा जाड थर असलेले पातेले घ्यावे. बाहेरून नुसता तांब्याचा मुलामा दिलेली भांडी देखणी असतात, परंतु तो मुलामा इतका पातळ असतो की दूध लागण्यात त्याने फारसा फरक पडत नाही. अर्थात, स्टीलचा हा दोष डावाच्या बाबतीत गुणच ठरतो : उकळत्या आमटीत ठेवलेल्या लांब दांड्याच्या डावाचे वरचे टोक बराच वेळ हातात धरवते.

आता फडक्याविषयी. कोरडे फडके हात वाचवते ते सुतामुळे जेवढे, त्याहून अधिक धाग्यांमध्ये अडकलेल्या हवेमुळे. हवेची वाहकता केवळ ०.०२६ च्या आसपास असते. फडके भिजले की त्या पोकळ्यांमध्ये पाणी शिरते आणि पाण्याची वाहकता सुमारे ०.६, म्हणजे हवेच्या वीसपटींहून अधिक आहे. पाण्याने हात थंड राहतो हा अनुभव खरा असला, तरी तो पहिल्या क्षणापुरताच. पातेल्याला टेकलेले पाणी लगेच तापते आणि फार तापलेल्या काठाशी त्याची वाफ होऊन तीही बोटांना भाजते. सांडशी हाताशी नसेल, तेव्हा फडके कोरडेच घ्यावे आणि त्याची चौपदरी घडी करावी, म्हणजे हवेचे थरही वाढतात.