‘नव्याने’ की ‘पुन्हा’?

प्रश्न : एकोणिसाव्या शतकातल्या एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करते आहे. त्यात ‘अफ्रेश’ हे क्रियाविशेषण वारंवार येते. कोशाप्रमाणे ‘नव्याने’ घेतले, पण ‘ती नव्याने रडू लागली’ हे कानाला खटकते. चूक कुठे होते आहे?

उत्तर : कान बरोबर सांगतो आहे. ‘नव्याने’ हे ‘नवा’ या विशेषणाचे तृतीयेचे रूप आणि त्याला दोन अर्थ आहेत. ‘घर नव्याने बांधले’ म्हणजे आधी होते ते पाडून परत उभारले. ‘नव्याने आलेला कारकून’ म्हणजे मात्र पहिल्यांदाच आलेला. ‘लागणे’ जोडले की हा दुसरा अर्थ वर येतो. ‘ती नव्याने पोहू लागली’ म्हटले की ती नुकतीच पोहायला शिकली असे वाटते. रडण्याचेही तसेच होते, जणू तिला आजवर रडताच येत नव्हते.

त्या काळच्या इंग्रजी कथनात ‘अफ्रेश’ अश्रूंसोबत फार दिसते. रडणे थांबते, कुणी एखादा शब्द बोलते आणि बांध फुटतो. इथे मराठीला क्रियाविशेषणापेक्षा क्रियापदच जास्त उपयोगी पडते: ‘तिला पुन्हा रडू कोसळले’, ‘पुन्हा उमाळा आला’. नवेपणाचा जोर ‘कोसळले’मध्ये आहे, ‘पुन्हा’ फक्त खंड पडला होता एवढे सांगते. याच अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द ‘अन्यू’ बहुधा आरंभ करणे, बांधणे, मांडणे अशा क्रियांजवळ असते आणि तिथे ‘नव्याने’ चपखल बसते.

प्रत्येक ठिकाणी आधीची दोन-तीन वाक्ये वाचा आणि विचारा: नवे काय आहे? तीच क्रिया खंडानंतर घडत असेल तर ‘पुन्हा’. रीत किंवा पाया बदलत असेल तर ‘नव्याने’, आणि कोरी पाटी असेल तर ‘पहिल्यापासून’. जोर वाढला असेल तर ‘नव्या जोमाने’. पण हा उत्साहाचा शब्द आहे, शोकाला लावू नका. वाक्य नकारार्थी असेल तर प्रश्नच मिटतो. ‘ती पुन्हा आली नाही’ म्हणता येते, तिथे ‘नव्याने’ चालत नाही.

‘नव्याने’ कथनात खरे खुलते ते जाणवणे, कळणे, उमगणे, दिसणे यांच्यासोबत. ‘आईचे घर तिला पुन्हा दिसले’ यात फक्त नजर दुसऱ्यांदा पडली. ‘आईचे घर तिला नव्याने दिसले’ यात घर जुने, पण पाहणे पहिल्यांदाच. तो खटकणारा दुसरा अर्थ इथे कामाला येतो आणि एका शब्दात पात्र बदलल्याचे कळते. म्हणून हा शब्द अशा जागांसाठी राखून ठेवावा. पानोपानी वापरला तर हवा तिथे तो वाजतच नाही.

‘पुन्हा’ची जागाही सांभाळा. ‘तिने पत्र पुन्हा लिहिले’ म्हणजे तेच पत्र परत लिहून काढले. ‘तिने पुन्हा पत्र लिहिले’ म्हणजे बहुधा दुसरे पत्र पाठवले. ‘परत’ आणि ‘फिरून’ येणे-जाणे या क्रियांजवळ टाळा: ‘तो परत आला’ म्हणजे माघारी आला की दुसऱ्यांदा आला? ‘तो फिरून आला’ तर सरळ फेरफटका वाटतो.

प्रश्न : जुन्या मराठी कादंबऱ्यांच्या संगणकीय प्रतींत हे शब्द शोधले, तर फारच थोडे सापडतात. असे का?

उत्तर : जुन्या छपाईतले लेखन वेगळे आहे. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’पासून (1857) ते हरिभाऊ आपट्यांच्या काळापर्यंत आणि त्यानंतरही 1962च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नव्यानें’, ‘पुन्हां’ अशी अनुस्वारयुक्त रूपे असतात, शिवाय ‘पुनः’ही. प्रत्येक रूप वेगळे शोधा. ‘पुनः’मधल्या विसर्गाच्या जागी प्रतीत अपूर्णविराम पडलेला असू शकतो, म्हणून नुसते ‘पुन’ही शोधून पाहा. त्यात ‘पुनर्विवाह’, ‘पुनरपि’ आणि ‘पुनश्च’ही हाती येतील, ते हाताने वेगळे करा. ‘पुनश्च’चा स्वर मात्र गंभीर, संकल्पाचा, टिळकांनी 4 जुलै 1899च्या ‘केसरी’त ‘पुनश्च हरिः ॐ’ लिहिले ते याच स्वरात. घरगुती संवादात तो जड होतो.

मोजताना आणखी एक ‘पुन्हा’ वगळा: ‘घर लहान, आणि पुन्हा भाड्याचे.’ इथे त्याचा अर्थ ‘शिवाय’ एवढाच आहे.