मशिनीक कळता काय?

मालवणच्या एका वाचकाचा प्रश्न आहे : "आमच्या बोटीवर फिश फाइंडर आहे. पडद्यावर ठिपके दाटले की बाबा म्हणतात, 'मशिनीक मासो कळता.' मी म्हटलं, यंत्राला कळत नसतं. त्यावरून घरात वाद. आता तर ते फोनमधल्या एआयशी बोलतात आणि 'तेका सगळा समाजता' म्हणतात. 'कळणे' हे क्रियापद यंत्राला लावणं चूक आहे का? दुसरा शब्द आहे का?"

व्याकरणाने चूक नाही, हे आधी सांगून टाकतो, म्हणजे निदान रात्रीचं जेवण शांतपणे होईल. पण तुमचा वाद पोकळ नाही.

मी खातो, मी चालतो, मी जाळं ओढतो. पण कळतं ते 'मला'. तसंच आवडतं मला, आठवतं मला, दुखतं मला, वाटतं मला. यात मी काही करत नाही, गोष्ट आपणहून माझ्यापाशी येते. 'मी कळतो' म्हणून पाहा, अर्थच फिरतो : मी दुसऱ्यांना कळतो. मालवणीत 'ला'च्या जागी 'क' येतो एवढंच, माका कळता, तुका कळता. यंत्र शोधतं, मोजतं, ओळखतं, जुळवतं म्हटलं तर तुम्हीही वाद घातला नसता, कारण ही करण्याची कामं झाली. तुम्हाला खटकलं ते 'कळणे' नव्हे, मशिनीला चिकटलेला तो 'क'. गोष्ट येऊन पोचायची तर पलीकडे घरात कुणीतरी असायला हवं ना?

अर्थात नुसत्या विभक्तीवरून घरात कुणी आहे असं ठरत नाही. 'लागणे' घ्या. इंजिनाला तेल लागतं, यात कुणाला काही वावगं वाटत नाही. इंजिनाला भूक लागते म्हटलं की हसू येतं. विभक्ती तीच, क्रियापदही तेच. आणि या दोहोंच्या मधोमध आमचा हापूस : मोहोर यायला त्याला थंडी लागते. म्हणजे ती त्याला हवी असते, की वाजते? परसातल्या कलमाने अजून खुलासा केलेला नाही.

आता मुळाकडे. 'कळणे' आलं संस्कृत 'कल्' धातूवरून. 'आकलन' त्याच घरातलं, आणि बेरीज-वजाबाकीसुद्धा! ११५० सालच्या 'लीलावती'त भास्कराचार्य बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित म्हणतात. मोजणं आणि कळणं ही भावंडं, हे मला फार सूचक वाटतं. तुमचं फिश फाइंडर यातलं मोजण्याचंच काम करतं. ते आवाजाची लहर खाली सोडतं, ती तळावरून किंवा माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून परत येते, आणि यंत्र मधला वेळ मोजतं. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो. तेव्हा ३० मीटर खोलीवरून जाऊन यायला सेकंदाचा पंचविसावा भाग पुरतो. ही झाली व्यवकलनाची कमाल. आकलन म्हणायला मन धजत नाही.

मोजण्याची रास वाढवत नेली तर तिचं कधीतरी कळणं होईल का, यावर तत्त्वज्ञांचं भांडण जुनं आहे. अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० साली सुचवलं की 'यंत्र विचार करतं का' हे विचारू नका, लेखी संवादात ते माणूस म्हणून खपतं का ते पाहा. जॉन सर्लने १९८० मध्ये उलट चित्र उभं केलं : चिनी अजिबात न येणारा माणूस खोलीत बसून नियमांच्या पुस्तकावरून चिनी चिन्हं जुळवून बाहेर देतो, बाहेरच्यांना उत्तरं अचूक वाटतात, आतल्याला कळलेलं काहीच नसतं. गणपतीत तासभर आरत्या म्हणणाऱ्या आमच्या वाडीला हे नव्याने सांगायला नको.

मला मात्र खरी गंमत वाटते ती फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची. १६३७ साली त्याने लिहिलं की जनावरं म्हणजे यंत्रंच. आणि माणसासारखं यंत्र कुणी बनवलंच, तरी ते पकडता येईल : शब्द उच्चारील, पण समोरच्याच्या बोलण्याला धरून उत्तर रचणं त्याला जमणार नाही. म्हणजे बोलणं ही त्याच्या लेखी मनाची खूण. आपल्या गोठ्यात काय म्हणतात? 'जनावराक सगळा कळता, फकत बोलूक येणा नाय.' मुकं जनावर हा शब्द आपण वापरतो तोच मुळी आत काहीतरी आहे आणि बाहेर येत नाही असं धरून. कळणं आणि बोलणं आपण केव्हाच सुटं केलेलं आहे. देकार्तला वाटलं होतं की बोलण्यावरून मन ओळखता येईल. ते फोनमधल्या एआयने अवघड करून ठेवलं. गाय बघून शिकलेल्या माणसाला त्याचा धक्का कमी बसायला हवा : एकीला कळतं पण बोलता येत नाही, दुसऱ्याला बोलता येतं म्हणून कळतच असेल असं कशावरून?

दुसरा शब्द विचारलात, तर तो 'कळणे'च्याच पोटात आहे : कळवणे. बंदरात तीन नंबरचा बावटा लागतो, तो वादळ कळवतो. दीपगृह खडक कळवतं. बावट्याला वादळ कळलेलं असावं लागत नाही. मशीन बाबांना मासा कळवते. बघा, 'ला' मशिनीकडून निघून बाबांकडे आला, जिथे तो शोभतो. ठिपक्यांच्या आकारावरून हा बांगडा की नुसता कचरा, हे शेवटी बोटीच्या म्होरक्याला, तांडेलालाच कळतं.

एआयच्या बाबतीत मी 'कळवतो'ही जपून वापरतो. बावट्यामागे हवामान खात्यात कुणाला तरी काहीतरी कळलेलं असतं. एआय असंख्य लोकांच्या लिखाणावरून एकापुढे एक शब्द जुळवत जातो. ते वाक्य कुणाला कळलेलं असेलच असं नाही. तेव्हा 'तो म्हणतो', 'तो सांगतो' एवढंच. एकदा रात्री फोनमधल्या नकाशाने आम्हाला सरळ दाभोळच्या जेटीवर नेऊन उभं केलं, पुढे खाडी, फेरीबोट बंद. बायको म्हणाली, "त्याला वाटलं पूल असेल." चुकल्यावर आपण यंत्राला 'वाटणे' बहाल करतो, म्हणजे कळण्यापेक्षाही आतली गोष्ट!

म्हणून मला एक उलट विचारायचं आहे. पडद्यावर मासळी दिसली आणि जाळं रिकामं आलं, तेव्हा बाबा काय म्हणतात, 'मशिनीक कळला नाय', की 'मशीन बिघाडली'? त्यांना न विचारता नुसतं ऐका, आणि कळवा.