पोकरचं सॉफ्टवेअर लिहिताना पुन्हा छोट्या रकमेच्या टेबलवर बसावं का?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन पोकर सोडून बरीच वर्षं झाली, आता त्याच खेळाचा सराव करून घेणारा प्रोग्रॅम लिहिताय, तर तो तपासायला पुन्हा एक-दोन रुपयांच्या टेबलवर बसावं का. २०२३ मध्ये परभणीत घरून काम करताना मी नेमकं हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी कायद्याचं. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदच त्यात ठेवलेला नाही. शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण "आमच्याकडे अजून चालू आहे" म्हणत कुणी लिंक पाठवली आणि तिथं पैसे अडकले, तर ते मागायला कुणाच्या दारात जाणार? तिकडं फिरकू नका.

आता माझा अनुभव. पाच हजार रुपये वेगळ्या खात्यात टाकले आणि ठरवलं की हे संपले की विषय बंद. एक-दोनचं टेबल, दोनशे रुपये घेऊन बसायचं. मनात असं होतं की प्रोग्रॅम सांगतो तसं खेळायचं, पैसे वाढले तर प्रोग्रॅम बरोबर. (खेळत असताना प्रोग्रॅम कधीच उघडा ठेवला नाही. ती समोरच्याची फसवणूक आहे. डाव झाल्यावर रात्री तपासायचो.) ही कल्पनाच चुकीची निघाली आणि ते कळायला मला चार महिने लागले.

कारण आकड्यांत आहे. सहा जणांच्या नो-लिमिट (कितीही बोली चालते अशा) टेबलवर दर शंभर डावांमागे चढउतार साधारण ९० बिग ब्लाइंडचा असतो (बिग ब्लाइंड म्हणजे पत्ते बघायच्या आधी एकाला टाकावीच लागणारी रक्कम, एक-दोनच्या टेबलवर दोन रुपये). म्हणजे दहा हजार डाव खेळलात तरी तुमच्या शंभर डावांमागच्या सरासरीत ९ बिग ब्लाइंडची अनिश्चितता उरते. चांगला खेळाडू शंभर डावांत कमावतो पाच-सहा. दहा हजार डावांनंतरही तुम्ही चांगले खेळताय की नुसते पत्ते चांगले येतायत, हे सांगता येत नाही. त्यात रेक, म्हणजे पॉटमधून (डावात जमलेल्या पैशातून) खेळवणारा कापून घेतो तो हिस्सा. साठ रुपयांच्या पॉटमधून पाच टक्क्यांनी तीन रुपये गेले, म्हणजे दीड बिग ब्लाइंड एका डावात गेला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. हजार भरले की त्यातले जवळपास २१९ करापोटी. शिवाय निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस होताच. इतक्या चाळण्यांतून खाली जे पडतं त्यावरून प्रोग्रॅमची परीक्षा होत नाही.

परीक्षा घरीच होते, आणि फुकट. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० हात होतात. सगळे प्रोग्रॅममधून काढा आणि मोजा. फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) ३,७४४ यायला हवेत, फ्लश (पाचही एकाच रंगाचे) ५,१०८, स्ट्रेट (ओळीनं लागलेले पाच पत्ते) १०,२००. माझे स्ट्रेट आले ९,१८०. फरक १,०२०, म्हणजे बरोबर एका प्रकारचे स्ट्रेट गायब. एक्का-दुर्री-तिर्री-चौका-पंजा! एक्का खालच्या बाजूलाही चालतो, हे मी लिहायचंच विसरलो होतो. ही चूक टेबलवर मला वर्षभर सापडली नसती.

मग टेबलवर बसणं वाया गेलं का? अजिबात नाही. जे माझ्या डोक्यात प्रश्न म्हणूनही आलं नव्हतं, ते तिथं दिसलं. एका डावात मी दहापर्यंत रेज केला (बोली वाढवली), पुढच्याकडे चौदाच उरले होते, त्यानं ऑल-इन टाकला, म्हणजे होते ते सगळे लावले, आणखी एकानं कॉल केला (तेवढेच टाकले), बाकीचे फोल्ड, म्हणजे पत्ते टाकून बाहेर. मला फक्त कॉल किंवा फोल्ड, एवढीच दोन बटणं दिसली. रेजचं बटण कुठं गेलं? नियम असा की पूर्ण रेजपेक्षा कमी पडलेला ऑल-इन, आधी बोली केलेल्याला पुन्हा रेज करू देत नाही. माझा प्रोग्रॅम करू देत होता. दुसरं, मे महिन्यात संध्याकाळी लाइट गेली, राउटर बंद, मोबाइलचा नेट जोडेपर्यंत वेळ संपून माझा हात फोल्ड झाला होता, हातात दोन राजे असताना. त्या रात्री मी कनेक्शन तुटल्यावर काय करायचं, तो भाग पहिल्यांदा लिहिला.

घरचं पण सांगतो, कारण तुम्हालाही ते टळणार नाही. आमच्याकडं पत्ते म्हटलं की आखाड्यावरचा मेंढीकोट, नाहीतर पोलिसांची धाड पडते ती तिर्रट. अण्णांनी स्क्रीन बघून विचारलं, "मग तिर्रटीत अन् ह्यात फरक काय रं?" मी वही दाखवली, तारीख, भरलेले, उरलेले. तेव्हा उरले होते ३,१४०. ते म्हणाले, "वही ठेवलीस ते बरं केलंस. पण गेले ते गेलेच की." त्यांचं खरं होतं आणि ते मला लागलं. महिन्याभरात मी उरलेले काढून घेतले.

आता मी वेगळं करतो. रविवारी रात्री चार मित्र माझ्याकडं जमतात, पत्ते माझा प्रोग्रॅम वाटतो, पैसा एकही नाही. सुरुवातीला सगळे प्रत्येक हाताला कॉल करायचे, फुकटच्या चिप्सचं असंच होतं. मग नियम केला की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकाला चिप्स मिळतील, मध्ये पुन्हा मिळणार नाहीत, संपल्या तर महिनाभर चहा करायचा. दुसऱ्याच आठवड्यात लोक विचार करून फोल्ड करायला लागले. तुम्हाला हवे असलेले खरे निर्णय असे मिळतात.

तुमचा प्रोग्रॅम कितपत झालाय ते लिहिलं नाहीत. पण आज एवढं करून बघा: तिघं ऑल-इन, ४०, १०० आणि २५० चे, आणि चौथा २० टाकून फोल्ड झालेला. मुख्य पॉट (तिघांसाठी) १४०, बाजूचा (१०० आणि २५० वाल्यांसाठी) १२०, आणि २५० वाल्याला १५० परत, असं यायला हवं. दुसरं काही आलं तर कळवा, माझीही तिथंच चूक होत होती.