वाचकांचे प्रश्न : शनिवारच्या संध्याकाळची आखणी

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांचा असून चाकणच्या एका कारखान्यात काम करतो आणि दापोडीत राहतो. अनेक वर्षे दारू प्यायल्यानंतर व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घेतले. बाहेर पडून तीन महिने झाले आहेत. तेथील समुपदेशकांनी पुढील काळासाठी स्वतःचा आराखडा लिहून आणण्यास सांगितले आहे. ‘पुन्हा कधीही पिणार नाही’ एवढे एक वाक्य मी लिहिले आणि पुढे काही सुचेना. शनिवारी पाळी संपली की जीव कासावीस होतो. त्यातच पुढच्या महिन्यात गावी मावसभावाचे लग्न आहे. आराखड्यात नेमके काय लिहावे?

उत्तर : तुम्ही लिहिलेले वाक्य मनापासूनचे आहे, पण शनिवारी संध्याकाळी सहा वाजता काय करायचे, हे ते सांगत नाही. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजेच ‘एए’, ही मद्यपींनी एकमेकांना आधार देण्यासाठी १९३५ साली अमेरिकेत सुरू केलेली चळवळ. तिच्यात जन्मभराच्या शपथेऐवजी ‘फक्त आजचा दिवस’ यावर भर दिला जातो. त्यामुळे वही पुन्हा उघडा आणि येणाऱ्या एकाच शनिवारचा विचार करा.

कंपनीची बस तुम्हाला कोठे सोडते, तेथून घरापर्यंतच्या रस्त्यात कोणते वाईन शॉप आणि कोणती परमिट रूम लागते, कोणत्या टपरीवर जुने सोबती उभे असतात, हे सगळे ठिकाणांच्या नावांसह लिहा. त्यानंतर दुसरा रस्ता शोधा. बस नाशिक फाट्याला थांबत असेल तर तेथून मेट्रोने थेट दापोडीला उतरता येते. चार पैसे जास्त गेले तरी तो खर्च औषधपाण्याच्या हिशेबात धरावा. तलफ येते तेव्हा माणूस बहुधा भुकेला, रागावलेला, एकटा किंवा थकलेला असतो, हे केंद्रात तुमच्या कानावर आले असेलच. पाळी संपताना यांपैकी भूक आणि थकवा हे दोन्ही तुमच्या सोबत बसमध्ये चढतात. म्हणून डब्यातली एक पोळी किंवा दोन केळी मागे ठेवून ती बसमध्येच खावीत. हा उपाय फार साधा वाटेल, पण रिकाम्या पोटी केलेले निश्चय फार वेळ टिकत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

तरीही तलफ येईलच. ती चढत जाते, शिगेला पोहोचते आणि तिला खतपाणी मिळाले नाही तर साधारणतः अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. आराखड्यात या अर्ध्या तासाची सोय हवी. कोणाला फोन करणार, त्याने उचलला नाही तर दुसऱ्या कोणाला, आणि फोन करताना पाय कोणत्या दिशेने चालत असतील, हे आधी ठरलेले असावे. पहिले नाव शक्यतो दारू सोडून काही वर्षे झालेल्या माणसाचे असावे. असा माणूस एएच्या सभेत किंवा तुमच्या केंद्राच्या पाठपुरावा बैठकीत भेटेल. एएला प्रवेशशुल्क नसते, दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट असते. शनिवारच्या संध्याकाळची सभा जवळपास कोठे भरते याची चौकशी करा आणि ती वेळ तिलाच देऊन टाका.

पैशांची बाब मात्र अलीकडे अवघड झाली आहे. पूर्वी पगार घरी दिला की खिसा रिकामा राहत असे आणि तेवढा अडसर पुरेसा ठरे. आता फोनच पाकीट झाला आहे. पगाराचे खाते निराळे ठेवून फोनला जोडलेल्या खात्यात केवळ प्रवासापुरती रक्कम ठेवावी, असे मी सुचवीन. यात कमीपणा मानण्याचे काहीच कारण नाही, कारण ही व्यवस्था तुम्ही स्वतः करणार आहात.

लग्नाला जा, हळदीच्या रात्री जाऊ नका. पिणे होते ते बहुतेक हळदीच्या रात्रीच, हे तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मुहूर्ताच्या आधी पोहोचा, पंगत आटोपून उजेड असतानाच निघा आणि परतीचे वाहन आपल्या हातात ठेवा. कोणी आग्रह केला तर ‘मी घेत नाही’ एवढेच सांगा. ‘सध्या गोळ्या चालू आहेत’ असे सांगितल्यास गोळ्या कधी संपणार, हा पुढचा प्रश्न येतोच. हीच पद्धत गटारीला आणि एकतीस डिसेंबरलाही लागू पडेल.

शेवटचे पान पाऊल घसरले तर काय करायचे याचे असावे. ते लिहिणे म्हणजे घसरण्याची परवानगी घेणे, असे अनेकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ‘एक घोट घेतला, आता सगळेच संपले’ ही भावनाच माणसाला त्या घोटापासून पुन्हा जुन्या व्यसनाकडे नेते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लॅट यांनी १९८० च्या दशकातच मांडले होते. त्यामुळे पहिल्या पेल्यानंतर तेथून उठायचे, त्याच रात्री कोणाला सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी केंद्रात कधी पोहोचायचे, हे लिहून ठेवा. पिणे बरेच दिवस रोज चालू राहिले, तर मात्र घरच्या घरी एकदम बंद करू नका. हातांचा कंप काही तासांतच सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यापुढे भ्रम होऊन जिवावर बेतू शकते. अशा वेळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दारू थांबवावी.

प्रश्न : माझे यजमान रोज पितात, उपचारांना तयार नाहीत. शेजारच्या काकूंनी त्यांच्या नकळत चहात मिसळायची गोळी सुचवली आहे. देऊ का? (एक भगिनी, सिंहगड रस्ता)

उत्तर : मुळीच देऊ नका. अशा गोळ्यांत बहुधा डायसल्फिराम असते. ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायल्यास चेहरा लाल होतो, उलट्या व धडधड सुरू होते, रक्तदाब घसरतो आणि हृदय कमकुवत असल्यास मृत्यूही ओढवू शकतो. गोळी थांबवल्यानंतरही हा धोका दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. डॉक्टर ती देतात ते यकृताची तपासणी करून, रुग्णाला सर्व समजावून आणि त्याच्या संमतीनेच. चोरून दिलेल्या गोळीचा सुगावा लागला, तर ते घरातल्या चहावरही विश्वास ठेवणार नाहीत.

ते तयार नसले तरी तुम्ही मदत घेऊ शकता. एएच्या संस्थापकांपैकी एकाच्या पत्नी लॉइस विल्सन यांनी १९५१ साली मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे गट संघटित केले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रातही कुटुंबीयांशी बोलणे हा उपचारांचाच भाग मानला जातो. प्रथम फोनवर बोलायचे असल्यास व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे राष्ट्रीय क्रमांक निःशुल्क आहेत. बोलणे ते शुद्धीत असताना, सकाळी, एकाच ठोस घटनेविषयी करावे; रात्री ते पिऊन आल्यावर वाद घालू नये. अंगावर हात टाकला जात असेल, तर त्यांच्या दारूआधी तुमच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचा विचार करा आणि तातडीने ११२ या क्रमांकावर पोलिसांची मदत मागा.