ग्रॅहॅमच्या कसोटीत पास, लिंचच्या कसोटीत नापास: अशा शेअरचं काय करायचं?

तुम्ही विचारलंय, एकच शेअर दोन दिग्गजांच्या कसोट्यांवर दोन वेगळी उत्तरं देतोय, तर ऐकायचं कुणाचं? माझं मत, आधी धंदा बघा आणि मग कसोटी निवडा.

बेंजामिन ग्रॅहॅम हे अमेरिकन गुंतवणूकदार, १९२९ नंतरच्या मंदीत पोळलेले. त्यामुळे त्यांचा सगळा भर मुद्दल वाचवण्यावर. पीई (भाव भागिले प्रति शेअर नफा) आणि पीबी (भाव भागिले प्रति शेअर बुक व्हॅल्यू) यांचा गुणाकार २२.५ च्या वर नको, असा त्यांचा दंडक. समजा ईपीएस, म्हणजे प्रति शेअर नफा, २० रुपये आणि बुक व्हॅल्यू, म्हणजे देणी वजा जाता प्रति शेअर उरणारी मालमत्ता, १२० रुपये आहे. २२.५ × २० × १२० म्हणजे ५४,०००. त्याचं वर्गमूळ साधारण २३२. यापेक्षा जास्त भाव द्यायचा नाही. चालू मालमत्ता (वर्षभरात रोकड होणारी) चालू देण्यांच्या (वर्षभरात फेडायच्या) दुप्पट हवी, हीसुद्धा त्यांचीच अट. पण ती बँकेला कशी लावणार? लोकांच्या ठेवी हीच तर बँकेची देणी! अमेरिकन गुंतवणूकदार जोएल ग्रीनब्लाट यांनी शेअर निवडायच्या आपल्या सूत्रातून बँका आणि वित्त कंपन्या वगळल्या, त्या उगाच नाही.

अमेरिकन फंड व्यवस्थापक म्हणून गाजलेले पीटर लिंच वाढ मोजतात. पीईची तुलना नफावाढीच्या वेगाशी करायची. पण चक्राकार धंद्यांबद्दल, म्हणजे ज्यांचा नफा तेजी-मंदीप्रमाणे वर-खाली होतो अशांबद्दल, त्यांचा इशारा आहे की तिथे पीई कमी दिसतो तोच धोका असू शकतो, कारण नफा शिखरावर असतो.

हे मी पैसे घालवून शिकलो. २०२३ मध्ये एक आकडी पीई बघून एका साखर कंपनीचा शेअर घेतला. ७ डिसेंबरला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली आणि भाव घसरला. पीई काढताना धरलेला नफा सरलेल्या वर्षाचा होता, पुढचा हंगाम त्यात नव्हताच.

आता कुठलीही कसोटी लावण्याआधी मी बीएसईच्या साइटवरून जुने वार्षिक अहवाल उतरवतो. दहा वर्षांचा निव्वळ नफा एका रकान्यात, धंद्यातून हाती आलेली रोकड दुसऱ्यात. नफ्याची बेरीज मोठी, रोकडीची निम्मीच आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) दरवर्षी फुगत चाललेली, असं दिसलं की तो शेअर मी सोडून देतो.

तुमची कंपनी कोणत्या धंद्यात आहे ते लिहिलेलं नाही. स्टील, साखर, सिमेंट अशा चक्राकार धंद्यांपैकी असेल तर ग्रॅहॅमचा ‘पास’ लगेच धरू नका. ते स्वतः पीईसाठी तीन वर्षांचा सरासरी नफा घ्यायचे. अशा धंद्यांत मी सात-आठ वर्षांचा घेतो. तो आकडा घालून गणित पुन्हा करून बघा.